चाळीस ब्लॉग जोडले, आता फायरवॉलला कधी जोडायचं?

प्रश्न असा आला आहे: "सर, मी लातूरच्या एका नागरी सहकारी बँकेत आहे. आयटीत आम्ही दोघंच. ओपनसीटीआय डॉकरवर उभं केलं आणि ४० सिक्युरिटी ब्लॉगांची आरएसएस फीड जोडली. काही फीड सुरूच होत नाहीत. बाकीच्यांचे रिपोर्ट येऊन पडतात, पण त्यातून इंडिकेटर एकही निघत नाही. साहेब रोज विचारतात, हे फायरवॉलला कधी जोडणार? आमचं काय चुकतंय?"

नवख्या वाचकांसाठी दोन शब्द: ओपनसीटीआय म्हणजे सायबर हल्ल्यांची माहिती एका जागी साठवणारी आणि जोडणारी प्रणाली. डॉकर म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय. आरएसएस फीड म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ताज्या लेखांची यंत्राला वाचता येईल अशी दिलेली यादी. आणि इंडिकेटर म्हणजे हल्ला ओळखायची खूण. आता आधी साहेबांचं बघू. फायरवॉलला जोडू नका. निदान ब्लॉगांचं फीड तरी नको. हे मी भीतीपोटी सांगत नाही, एकदा तोंड पोळलंय.

काही वर्षांपूर्वी वाळूजच्या एका कारखान्यात मी हेच केलं होतं. ब्लॉग आला की त्यातली डोमेनं, म्हणजे संकेतस्थळांची नावं, आपोआप काढायची आणि तासाभरात फायरवॉलच्या बंदी यादीत टाकायची. दोन आठवडे सगळे खूश होते. मग एका लेखात उल्लेख आला की हल्लेखोरांनी आपली फाइल एका नावाजलेल्या फाइल शेअरिंग सेवेवर ठेवली होती. आमच्या यंत्रणेने इमानेइतबारे त्या सेवेचं अख्खं डोमेनच उचललं. दिवस महिनाअखेरचा. डिझाइनवाल्यांना गिऱ्हाइकाकडे ड्रॉइंग पाठवता येईना, डिस्पॅच अडलं, आणि दुपारी तीनला मी प्लँट हेडच्या केबिनमध्ये उभा होतो. लेख बरोबर होता, फीडही बरोबर होतं. मी दोघांच्या मध्ये माणूस ठेवला नव्हता, तेवढंच.

ब्लॉग म्हणजे काय, हे नीट लक्षात घेतलं की बाकीची मांडणी आपोआप सुचते. एखाद्या कंपनीचे विश्लेषक हल्ला पाहतात, नमुने उघडतात, बाधितांना कळवतात, मग लिहितात, मग त्यांचे वकील वाचतात आणि मग तो लेख आपल्यापर्यंत येतो. मध्ये कित्येक आठवडे जातात, कधी महिने. तोवर हल्लेखोराने तो भाड्याचा सर्व्हर सोडलेला असतो आणि तोच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दुसऱ्या कुणाला मिळालेला असतो. अशा वेळी आपण तो अडवायचा म्हणजे भाडेकरू निघून गेल्यावर घराला कुलूप लावण्यासारखं आहे, आणि आत आता दुसरंच कुटुंब राहतंय.

मग ब्लॉगातल्या आयपीचा उपयोग काय? मागे शोधायला. सर्ट-इन या देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तुम्हाला लॉग, म्हणजे यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस ठेवावेच लागतात. बहुतेक बँकांत ते लॉग ऑडिटरला दाखवण्यापुरते डिस्कवर पडून असतात. लेख आला, त्यात हल्लेखोराच्या नियंत्रण सर्व्हरचा तीन महिन्यांपूर्वीचा पत्ता आला, तर तो पत्ता त्या १८० दिवसांत शोधा. निलंग्याच्या शाखेतला एखादा संगणक फेब्रुवारीत त्या पत्त्याशी बोललेला सापडला, तर चाळीस फीडांचा खर्च एका दिवसात वसूल. आणि तसा सापडला, तर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं आहे, हेही त्याच निर्देशांत आहे. म्हणून शोध लावायच्या आधी कळवण्याचा मसुदा तयार ठेवा. घाबरलेल्या माणसाकडून सहा तासांत नीट मसुदा लिहून होत नाही.

ब्लॉगातली दुसरी आणि माझ्या मते जास्त मोलाची गोष्ट म्हणजे पद्धत. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण सहकारी बँकवाल्यांनी पाठच करून ठेवावं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार: क्लोन केलेल्या कार्डांवर देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघाले. १३ ऑगस्ट, सोमवार: स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यावरून जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. मधल्या रविवारी, १२ तारखेला, पत्रकार ब्रायन क्रेब्ज यांनी आपल्या ब्लॉगवर एफबीआयने बँकांना दिलेल्या गोपनीय इशाऱ्याची बातमी छापली: येत्या काही दिवसांत जगभर एटीएममधून एकाच वेळी रोकड उपसली जाण्याची शक्यता आहे. त्या बातमीत फायरवॉलमध्ये टाकायची आयपींची यादी नव्हती. होती ती पद्धत: आधी बँकेच्या किंवा कार्ड प्रोसेसरच्या यंत्रणेत शिरायचं, पैसे काढण्याच्या मर्यादा उठवायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी, बँक बंद झाल्यावर, हात मारायचा. रविवारी कुणी ते वाचलं असतं तर काय झालं असतं, हे सांगणं सोपं नाही आणि मी तसा दावा करत नाही. पण अशी बातमी आल्यावर करण्यासारखं बरंच असतं: एटीएम स्विचची (एटीएमचे व्यवहार पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेची) मंजुरी आणि कोअर बँकिंगच्या (खात्यांच्या मुख्य यंत्रणेच्या) नोंदी जुळतात का ते पाहणं, परदेशी व्यवहारांची मर्यादा खाली आणणं, रात्रपाळीला फोन करणं. डेव्हिड बियांको यांनी २०१३ मध्ये मांडलेला 'वेदनेचा पिरॅमिड' हेच सांगतो. हॅश (फाइलचा ठसा) आणि आयपी हल्लेखोर चुटकीसरशी बदलतो. सवयी बदलायला त्याचा घाम निघतो.

आता तुमच्या चाळीस फीडांकडे. ती आठवर आणा. दोन माणसांकडून चाळीस वाचून होत नाहीत, आणि न वाचलेलं फीड म्हणजे मोंढ्यात न सोडवलेली पोती: जागा खातात, वर उंदीर पाळतात.

माझी निवड सांगतो. तुमची वेगळी असू शकते. पहिली सेक्राइट, क्विक हीलचीच, कारण पुण्याची क्विक हील भारतात विकली जाते, त्यामुळे भारतातल्या संगणकांवर काय चाललंय ते तिला दिसतं. साइडकॉपी आणि ट्रान्सपरंट ट्राइब या भारतावर नजर ठेवणाऱ्या गटांवर त्यांचं लिखाण नेमकं असतं. कॅस्परस्कीचं सिक्युअरलिस्ट आणि ईसेटचं वुई लिव्ह सिक्युरिटी तपशिलासाठी. सिस्को टॅलोस आणि पालो आल्टोचं युनिट ४२ त्यांच्या मोठ्या पसाऱ्यासाठी. द डीएफआयआर रिपोर्टचे लेख कमी येतात, पण हल्लेखोर आत शिरल्यापासून रॅन्समवेअर (फाइली कोंडून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) चालेपर्यंत तासागणिक काय घडलं ते त्यात असतं. तुमच्या हाताखाली नवा मुलगा आला तर त्याला आधी तेच वाचायला द्या. रोजची नाडी कळायला सॅन्सच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरची डायरी. आणि बातम्यांसाठी एकच, ब्लीपिंग कम्प्युटर किंवा क्रेब्ज. बातम्यांची चार संकेतस्थळं जोडली की एकच घटना चार रिपोर्ट होऊन येते.

अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेची, प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी आठांत धरू नका. ती ब्लॉग नाही. जेएसओएन किंवा सीएसव्ही या यंत्राला वाचता येणाऱ्या रचनांत मिळते, तिच्यासाठी वेगळा कनेक्टर (माहिती आणून जोडणारा छोटा प्रोग्रॅम) आहे. पण ती जोडाच. पॅच (त्रुटीवरची दुरुस्ती) आधी कुठला लावायचा, हे भांडण ती मिटवते.

फीड जोडताना, 'डेटा' मेनूतल्या 'इन्जेशन'मध्ये 'आरएसएस फीड्स' उघडल्यावर काही रकाने दिसतात. माणसं नाव आणि पत्ता भरून पुढे जातात. खरी मेख बाकीच्यांत आहे.

'डेटा निर्मितीसाठी जबाबदार वापरकर्ता' इथे ॲडमिन ठेवू नका. ओपनसीटीआयच्या नव्या आवृत्त्यांत प्रत्येक वापरकर्त्याला विश्वासाची एक कमाल पातळी असते, आणि त्याने आणलेली माहिती तिच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून मी फीडांसाठी दोन वेगळे वापरकर्ते करतो. एक 'फीड-संशोधन', पातळी ७५ च्या आसपास. दुसरा 'फीड-बातम्या', पातळी ४०. आडतीवर सोयाबीनचा ओलावा मोजल्याशिवाय भाव निघत नाही, तसं हे. प्रत्यक्ष नमुना उघडून लिहिणारा आणि त्याचं वाचून बातमी करणारा, दोघांना एकच भाव देऊ नका. सगळं ॲडमिनच्या नावावर आलं तर बातमी १०० च्या भावाने आत येते आणि नंतर ती वेगळी काढता येत नाही.

'मूळ लेखक' रकान्यात त्या कंपनीची संस्था म्हणून नोंद करून ती निवडा. सहा महिन्यांनी 'सेक्राइटने आपल्याला काय दिलं?' हा प्रश्न विचारायचा असेल तर हे आज लागतं. चिन्हांकन 'टीएलपी क्लिअर' ठेवा, कारण ब्लॉग जाहीरच असतो. (टीएलपी म्हणजे माहिती कुणापर्यंत जाऊ द्यायची हे सांगणारी खूण; क्लिअर म्हणजे सगळ्यांना, अँबर म्हणजे मोजक्यांपुरती.) मात्र लक्षात ठेवा, त्या क्लिअर रिपोर्टवर 'आमच्या औसा शाखेत हा पत्ता दिसला' अशी टीप लिहिली तर ती टीपही क्लिअर राहू शकते. स्वतःच्या घरचं लिहाल त्याला वेगळं चिन्ह द्या, अँबर किंवा अँबर स्ट्रिक्ट.

'या तारखेपासून आणा' हा रकाना पाहून वाटतं की मागच्या वर्षीपासूनचं सगळं येईल. येत नाही. आरएसएसमध्ये लेखकाने ठेवले तेवढेच ताजे लेख असतात. वर्डप्रेस मुळात १० च ठेवतं. त्यामुळे जुनं हवं असेल तर ते हातानेच आणावं लागतं. आणि उलट बाजू जास्त घातक: दिवाळीत बँक चार दिवस बंद, सर्व्हरही बंद. बातम्यांचं संकेतस्थळ रोज आठ-दहा लेख टाकतं. तुम्ही परत येईपर्यंत मधले लेख फीडमधून खाली घसरून गेलेले असतात. कुठे त्रुटी दिसत नाही, लाल दिवा लागत नाही, मधले दिवस नुसते गायब. सुट्टीतही तो एक सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू ठेवा.

सुरू न होणाऱ्या फीडांचं कारण निम्म्या वेळा अगदी साधं निघतं: फीड नोंदवल्यावर ते थांबलेल्या अवस्थेतच असतं, तीन टिंबांवर जाऊन ते हाताने सुरू करावं लागतं. हे ऐकून ओशाळू नका, मीही अर्धा दिवस लॉग वाचत बसलो होतो.

उरलेल्यांसाठी पत्ता आधी तपासा, पण आपल्या टेबलावरच्या ब्राउझरमधून नाही. डॉकरच्या कंटेनरमध्ये शिरून तिथून कर्ल (पत्त्यावरून पान मागवणारी आज्ञा) मारा. तुमचा ब्राउझर बँकेच्या प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) जातो, कंटेनर जात नाही, म्हणून तुम्हाला दिसतं ते त्याला दिसत नाही. ४०३ हा नकाराचा आकडा आला तर ते संकेतस्थळ यंत्राला ओळखून हाकलतंय. एक्सएमएलऐवजी एचटीएमएल आलं तर तुम्ही फीडचा नव्हे, ब्लॉगच्या मुखपृष्ठाचा पत्ता दिलाय. प्रमाणपत्राची त्रुटी आली तर बँकेचा फायरवॉल मध्ये बसून टीएलएस (कूटबद्ध जोडणी) उघडतोय, त्याचं मूळ प्रमाणपत्र कंटेनरला द्यावं लागेल.

आणि एक, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं. फीड 'चालू' दिसतं, शेवटची वेळही ताजी दिसते, पण नवं काही येत नाही. डिस्क बघा. ९५ टक्के भरली की इलॅस्टिकसर्च (ओपनसीटीआयचा डेटा साठवणारा प्रोग्रॅम) स्वतःचे इंडेक्स फक्त वाचण्यापुरते ठेवतं आणि लिहिणं बंद करतं. वर काहीच कळत नाही, खाली रांग साचत राहते. मेमरी १६ जीबीपेक्षा कमी असेल तर मे महिन्याच्या लातुरी उन्हाआधीच मशीन मान टाकेल.

आता 'इंडिकेटर का निघत नाही'. कारण आरएसएस फीडचं ते कामच नाही. ते फक्त रिपोर्ट तयार करतं: शीर्षक, तारीख, थोडा मजकूर आणि मूळ लेखाची लिंक बाह्य संदर्भ म्हणून. लेखाच्या पोटातले हॅश आणि पत्ते बाहेर काढायला दोन कनेक्टर लागतात. 'इम्पोर्ट एक्सटर्नल रेफरन्स' त्या लिंकवर जाऊन पानाची पीडीएफ आणि मार्कडाउन प्रत आणतो. 'इम्पोर्ट डॉक्युमेंट' ती प्रत वाचून त्यातले आयपी, डोमेन, हॅश, त्रुटींचे क्रमांक आणि तुमच्या साठ्यात आधीच असलेली नावं ओळखतो. दोन्ही स्वयंचलित करता येतात. करू नका. रिपोर्ट वाचला, कामाचा वाटला, तर त्या रिपोर्टवर हाताने चालवा. तुमच्या आठ फीडांतून दिवसाला पाच-सात लेख आले तर त्यातला एखादाच या वाटेवर जाईल. निघालेलं सगळं थेट साठ्यात न घालता मसुद्यात ठेवा आणि माणसाने बघून मंजूर करा. सापडलेल्या प्रत्येक गोष्टीचा इंडिकेटर बनवायची एक सेटिंग कनेक्टरमध्ये आहे, ती बंद ठेवा. दिसलेली वस्तू ही 'ऑब्झर्वेबल', आणि 'ही दिसली तर घंटा वाजवा' हा 'इंडिकेटर'. हा फरक साहेबांना समजावला की निम्मा वाद मिटतो.

मसुदा का लागतो, तर नावांमुळे. 'प्ले' नावाची रॅन्समवेअर टोळी आहे. ती साठ्यात असली की 'गुगल प्ले'वरच्या बनावट ॲपबद्दलचा प्रत्येक लेख तिच्याशी जोडला जाऊ शकतो. 'हाइव्ह' आणि 'रॉयल'चंही तसंच. ही नावं सापळ्यासारखीच ठेवलीत की काय असं कधी कधी वाटतं. डोमेनांचं तर विचारूच नका: लेखात गिटहब, मायक्रोसॉफ्ट, व्हायरसटोटल, खुद्द लेखकाच्या कंपनीचं संकेतस्थळ, सगळं असतं, आणि मजकूर चाळणाऱ्या यंत्राला साव आणि चोर सारखेच. लेखकही पत्ते मुद्दाम मोडून लिहितात. बिंदूभोवती चौकटी कंस टाकतात, 'एचटीटीपी'चं 'एचएक्सएक्सपी' करतात, म्हणजे चुकून कुणी टिचकी मारू नये. त्यामुळे मी मसुद्यात एक ढोबळ पण कामाची खूण वापरतो: मोडून लिहिलेला पत्ता संशयित, सरळ लिहिलेला बहुधा साव. याला अपवाद निघतात, म्हणून लेखाच्या शेवटची इंडिकेटरांची यादी आधी बघा. ती असेल तर तेवढीच घ्या आणि मधल्या मजकुरातलं सोडून द्या.

एकाच गटाची अनेक नावं ही दुसरी डोकेदुखी. ट्रान्सपरंट ट्राइब, एपीटी ३६, मिथिक लेपर्ड, अर्थ करकद्दन: कंपनी बदलली की नाव बदलतं. गावात एकाच माणसाला शाळेत पाटील, तालमीत वस्ताद आणि घरी बापू म्हणतात तसं. साठ्यात ही चार माणसं होऊ देऊ नका. मायटर अटॅकचा (हल्लेखोर गट आणि त्यांच्या पद्धतींच्या जाहीर संग्रहाचा) कनेक्टर आधी चालवा, त्यात बरीच टोपणनावं जोडलेली येतात. नवं नाव दिसलं की वेगळी नोंद न करता आहे त्यालाच टोपणनाव म्हणून जोडा.

दुबार रिपोर्टांचं कारणही समजून घ्या. ओपनसीटीआय रिपोर्टची ओळख त्याचं नाव आणि प्रकाशनाची तारीख यांवरून ठरवतं. लेखकाने शीर्षकात 'अद्ययावत' शब्द घातला किंवा तारीख सरकवली की तो नवा रिपोर्ट होतो. हा दोष नाही, पण महिन्याला एकदा अशा जोड्या शोधून एकत्र करा. वेळेचंही तसंच: आत सगळं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतं, आपण साडेपाच तास पुढे. अमेरिकेतला संध्याकाळचा लेख आपल्याकडे दुसऱ्या तारखेला दिसतो. लॉगशी ताडताना हे विसरलात तर नको त्या दिवसात शोधत बसाल.

मिस्प (ओपनसीटीआयसारखीच धोक्यांच्या माहितीची दुसरी प्रणाली) वापरावं का, असं पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. मिस्पची फीडं तयार यादीसाठी आहेत: मिस्पच्या स्वतःच्या रचनेत, सीएसव्हीत किंवा मोकळ्या मजकुरात. मोकळ्या मजकुराच्या फीडला ब्लॉगचं पान दिलंत तर ते पानावरचं सगळं उचलेल, वाळूजची गोष्ट पुन्हा घडेल. त्यात इव्हेंट रिपोर्टमध्ये लिंक देऊन एकेक लेख आणता येतो, आणि नेहमीची साव डोमेनं ओळखणाऱ्या वॉर्निंगलिस्ट चांगल्या आहेत. दोघा माणसांनी दोन्ही चालवू नये. तुम्ही ओपनसीटीआय उभं केलंय, तेच नीट चालवा.

साहेबांना फायरवॉलला काहीतरी जोडायचंच असेल तर अब्यूज डॉट सीएचची यूआरएलहाउससारखी, घातक फाइली देणाऱ्या लिंकांची यादी वेगळी जोडा. ती रोजच्या रोज चालत्या पत्त्यांसाठीच बनवलेली आहे. तिथेही आधी पंधरा दिवस 'फक्त नोंद', मग 'अडव'. ब्लॉगातून मंजूर झालेल्या इंडिकेटरला मुदत द्या, आयपीला थोडी आणि हॅशला जास्त, म्हणजे जुनं आपोआप गळून पडेल.

रोजचा वेळ २० मिनिटं धरा. सकाळी कॅश उघडायच्या आधी. शीर्षकं चाळायची, आणि एकच प्रश्न विचारायचा: यातलं आपल्याकडे काही आहे का? तुमचा फायरवॉल, तुमचं मेल, तुमचा कोअर बँकिंगचा पुरवठादार, एटीएमचा स्विच. याची यादी भिंतीवर लावा. तिच्यात नसलेल्या उपकरणावरचा कितीही थरारक लेख असो, पुढचा.

आणि नववं फीड तुमचं तुम्हीच तयार करायचं आहे. ई-चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी बनावट एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल), योजनेचा हप्ता अडलाय म्हणून केवायसी मागणारी मराठीतली लिंक, हे परदेशी ब्लॉगांत उशिरा येतं किंवा येतच नाही. उदगीरच्या शाखेत एखादे आजोबा मोबाइल घेऊन काउंटरवर येतात तेव्हा ते आधी कळतं. शाखांना एक नंबर द्या, स्क्रीनशॉट मागवा, फाइल उघडू नका असं बजावा, आणि प्रत्येक स्क्रीनशॉटचा हाताने एक रिपोर्ट करा. लेखक म्हणून शाखेचं नाव, चिन्ह अँबर, ग्राहकाचं नाव-नंबर कुठेही नाही. माझ्याकडच्या अशा पहिल्या रिपोर्टचं शीर्षक होतं, 'आजोबांचं चलन, गाडी मात्र नाही'. त्यांच्याकडे सायकल होती.